पलंगाची दारं

२३ एप्रिल १९७८, रविवार

पलंग दिला नाही.

काल तेरवी झाली. गादी दिली, उशी दिली, छत्री दिली, नवीन चपला दिल्या, तांब्या-पेला दिला. पलंग उचलायला माणसं आत आली तेव्हा मी म्हटलं, हा नाही.

अंगणात भटजीसुद्धा थांबले.

इंदुताई, यांची मोठी बहीण, आत आल्या. आधी हळू बोलल्या, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मेलेल्या माणसाची शेज घरात ठेवत नाहीत वं. शेज राहिली तर घर बसते."

मी म्हटलं, हा पलंग माझ्या बापूजींनी मला आंदणात दिला. ज्याची वस्तू त्यानं दान द्यावी. माझी आहे, मी देत नाही.

चारचौघांत इतकं कधी बोलले नव्हते. हात पदराखाली घेतले.

शेवटी देवरावभाऊजींनी शेजारून एक दोरीची बाज आणली आणि ती दान झाली. भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते. मीही नाही.

२४ एप्रिल

सगळे गेले. समोरची खोली धुतली.

मासोळ्यांच्या टाकीखाली काय काय निघालं! पानाच्या पिचकाऱ्या. कोणाची तरी एक चप्पल. खरकट्या पत्रावळी. इंदुताईंनी लुगड्यांचं गाठोडं नेमकं हवेच्या पंपावर ठेवलं होतं, आणि कोणीतरी बटण बंद करून ठेवलं होतं. मासोळ्या वर येऊन तोंड उघडत होत्या. तेरा दिवसांच्या गर्दीत त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही. दोन मेल्या.

यांची टाकी चार फूट लांब. लोखंडी अँगलचं स्टँड, चार पाय, वर काच. समोरून सगळं उघडं. पंप, रबरी पाइप, जाळी, खाण्याचे डबे, यांच्या जुन्या स्लिपर, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. रिटायर झालो की समोरून दारं लावून टाकतो, हे यांचं नेहमीचं वाक्य. दरवर्षी दिवाळीला अँगलला रुपेरी रंग मात्र लावायचे, न चुकता.

आता तेरा दिवस अख्खं गणगोत त्या वस्तूंवर थुंकून गेलं.

दारं लावायची.

२६ एप्रिल

भाऊजी पुन्हा आले होते, नरखेडहून पहिल्या एस्टीनं. बोलायचं ते इथेच लिहिते, कारण त्यांच्यासमोर मला निम्मं सुचलं नाही.

त्यांचं म्हणणं असं. दादाला लेकरू नाही. एकट्या बाईनं शहरात राहणं बरं दिसत नाही. मी गावाकडे यावं, तिथे मोठं घर आहे, माणसं आहेत. हे घर किरायानं द्यायचं. औषधाच्या कंपनीचा एक एजंट बघून ठेवला आहे, त्याला समोरची खोली मालाचे खोके ठेवायला पाहिजे. पोळ्याच्या आधी खोली रिकामी करायची.

आणि टाकी?

"मासोळ्या सक्करदऱ्याच्या तलावात सोडून देऊ. पुण्य लागते."

आधी बहिणीनं पलंगाचं पुण्य सांगितलं, आता भावानं मासोळ्यांचं. या घराच्या पुण्याचा हिशेब फार मोठा आहे.

मी एवढंच म्हटलं की शाळेची नोकरी आहे. मुलींना शिवण शिकवते, पुढची पाच वर्षं तरी शिकवणार. ते म्हणाले, "गावातल्या पोरींले शिकवा." उत्तर तयार होतं त्यांचं.

बाई हलली की टाकी हलेल, असं ते समजतात. मी उलटं समजते. टाकी हलली की मला हलवायला कोणाला वेळ लागणार नाही.

१ मे

शाळेला सुट्ट्या. चंद्रभान मिस्त्रीला बोलावलं. आमच्या घराची सगळी दारं-खिडक्या त्यानंच केलेल्या. टाकीसमोर दोन दारांची कपाटासारखी चौकट करून दे म्हटलं. त्यानं माप घेतलं, लाकूड कोणतं म्हणाला.

मी आतल्या खोलीत नेऊन पलंग दाखवला. चंद्रपूरकडचं सागवान, बापूजींनी घरी मिस्त्री बसवून करून घेतलेला. उशाकडच्या फळीवर दोन पोपट, समोरासमोर, मधे डाळिंब.

चंद्रभान फळीवरून हात फिरवत होता. मग त्याच्या लक्षात आलं. हात मागे घेतला.

"हा त दादाचा पलंग आहे."

हो म्हटलं.

"मेलेल्याच्या शेजेले मी करवत नाही लावत वहिनी. दुसरं लाकूड आणा, आजच्या आज करून देतो."

मी म्हटलं, दुसरं नको. त्यानं चहा घेतला नाही. माप घेतलेला कागदही नेला. त्या कागदाचं तो काय करणार?

३ मे

मीच करणार.

काल दिवसभर हसू येत होतं मला या विचाराचं. आज येत नाही.

५ मे

करवत सुमतीकडून आणली. शेजारची सुमती. तिच्या नवऱ्याला घरी ठोकाठोक करायची हौस, त्याच्याकडे करवत, रंधा, कानस सगळं आहे. सुमती स्वतः आली करवत घेऊन आणि दारातच उभी राहून बघत होती. म्हणाली, "लोकं नवऱ्याच्या फोटोले हार घालतात वं जयवंता, तू पलंगाले करवत घालून राहिली."

तरी फळीचं दुसरं टोक तिनंच धरलं. पाट घेऊन बसली आणि धरून राहिली.

पोपटांच्या मधोमध कापायची, म्हणजे एका दारावर एक पोपट. खडूनं रेघ मारली, शाळेत मारते तशी. पण करवत कात्रीसारखी चालत नाही. ती तिच्या मनानं जाते. अर्ध्यावर आल्यावर दिसलं की रेघेच्या डावीकडे सरकली आहे. आता उजव्या पोपटाकडे पाऊण डाळिंब आलं आणि डाव्याच्या वाट्याला एक फोड.

सुमती म्हणाली, संसार असाच असतो.

दोघी हसलो. घर धुतल्यानंतर पहिल्यांदा या खोलीत हसण्याचा आवाज. मग करवत पुन्हा धरली.

८ मे

ऊन फार. दुपारी काहीही करता येत नाही. पहाटे काम.

मला मासोळ्या कधी फारशा आवडल्या नाहीत, हे इथे लिहायला हरकत नाही. वास येतो. घरात पाणी साचतं. यांच्या रविवारच्या अर्ध्या सकाळी त्यांच्यात जायच्या. हे खुर्ची घेऊन समोर बसायचे आणि बोलायचे नाहीत. मी शिवणाच्या मशीनवर बसायचे, मीही बोलायचे नाही. लोकांना वाटायचं आमच्यात अबोला आहे. अबोला नव्हता. आम्हाला तसंच बरं वाटायचं.

आता मशीन चालवताना मधेच थांबले की पंपाची घरघर ऐकू येते. तेवढी पुरते.

११ मे

दुपारी वीज गेली, तीन तास. पंप बंद. पाणी कोमट झालं. तांब्यानं पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत बसले. हे असंच करायचे, हवा मिसळते म्हणून. ओली चादर टाकीवर टाकली. खांदा भरून आला.

एकही मेली नाही.

१२ मे

टाकीतलं खालचं घाण पाणी काढलं. पाइपाचं एक टोक पाण्यात, दुसऱ्याला तोंड लावून ओढायचं आणि पाणी यायच्या आत तोंड काढायचं. यांना जमायचं. माझ्या तोंडभर पाणी आलं. थू थू करत न्हाणीत गेले. पाइपाच्या त्या टोकाला दातांच्या खुणा आहेत.

पुसला नाही पाइप. तसाच ठेवला.

१५ मे

उशाकडचे दोन पाय कापले. हे खांब म्हणून अँगलच्या आतून, वरच्या पट्टीखाली उभे करायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि त्यांना बिजागऱ्यांवर दारं. खांब म्हणजे नुसता दारांना आधार. टाकीशी त्यांचा काही संबंध नाही.

शिवणाच्या फितीनं माप घेतलं. लाकडावर खूण केली. कापलं. उभा करायला गेले तर खांब आत जाईना! अर्धा इंच जास्त. दुसराही तसाच.

कितीतरी वेळ कळेना की चुकलं कुठे. फीत पुन्हा लावली, माप बरोबर. मग लक्षात आलं आणि कपाळावर हात मारला. वीस वर्षं मुलींना सांगत आले, मापावर कधी कापू नका, शिवणीला अर्धा इंच सोडा. माझ्या हातानं लाकडालाही शिवणीची जागा सोडली!

१६ मे

नेमके आज भाऊजी आले. नागपुरात खताचं काम होतं. मी जमिनीवर बसून खांब कानशीनं घासत होते, सगळ्या लुगड्यावर भुसा. त्यांनी पलंग ओळखला. चेहरा लाल झाला. मग अर्धा इंच कसा उरला ते विचारलं आणि मी मूर्खासारखं खरं सांगून टाकलं.

"हे कापड नाही वं वहिनी, लाकूड आहे. लाकडाले काय शिवण घालता?"

आणि हसले. बराच वेळ हसले. मग यांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची टाकीसमोर असते, ते आले की तिथेच बसतात, पाय स्टँडकडे लांब करून. एजंटाला शब्द दिला आहे, पोळ्याच्या आधी खोली पाहिजे, तुम्ही उगीच दारं-बिरं करून राहिल्या, असं म्हणाले.

मी म्हटलं, खोली रिकामी नाही. तिच्यात मी आहे.

त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मला गेलं.

१८ मे

उजवा खांब बसला. घासून घासून कंटाळले, शेवटी खालून तिरपा सरकवला आणि हातोडीनं ठोकत ठोकत सरळ केला. एकेका ठोक्याला टाकीतलं पाणी थरथरत होतं. मासोळ्या एका कोपऱ्यात गोळा. पण बसला, असा बसला की आता मलाही काढता येणार नाही.

डाव्याच्या वेळी जास्त शहाणपणा केला आणि जास्त घासला. तो ढिला झाला, हलतो. त्याच्याखाली यांच्या स्लिपरचा तुकडा कापून घातला. चालतंय.

२५ मे

बिजागऱ्या लागल्या. एका हातानं दार धरायचं, दुसऱ्यानं स्क्रू, तिसऱ्यानं पेचकस. तिसरा हात सुमतीचा.

दारं उघडतात! बंद होतात! पूर्ण बंद झाली की डाळिंब जुळतं. वाकडं जुळतं, पण जुळतं.

२८ मे

काचकागदानं घासून जवसाचं तेल चोळलं. तीन हात दिले. सागवानाचा रंग उघडला, मधासारखा. फळीच्या वरच्या काठाला एक जागा काळपट आहे, डोक्याच्या तेलाची. इतक्या वर्षांची. ती घासून निघाली असती.

घासली नाही.

२ जून

इंदुताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे रामदासपेठेत आल्या होत्या, तिथून इकडे. दारांसमोर उभ्या राहिल्या. हात लावला नाही. पोपट ओळखले. "घर बसंल, मी सांगून ठेवते," म्हणाल्या.

मी दार उघडून दाखवलं. आत पंप, पाइप, डबे, सगळं फळीवर मांडलेलं. जाळी खिळ्याला. म्हटलं, बघा, किती नीटनेटकं झालं.

पोहे खाल्ले त्यांनी, पण समोरच्या खोलीत बसून नाही. स्वयंपाकघरात.

२६ जून

शाळा सुरू. बाईंनी काय केलं सुट्टीत, मुलींनी विचारलं. सुतारकाम म्हटलं. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी विनोद करत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून जास्तच हसल्या.

१७ जुलै

काहीच नाही. पाऊस. मासोळ्या ठीक. मोठ्या सोनेरीच्या शेपटीला पांढरं काहीतरी झालं होतं, मिठाच्या पाण्यानं गेलं. हे सगळं मी कधी शिकले? कोणी शिकवल्याचं आठवत नाही.

६ ऑगस्ट

भाऊजींचा निरोप, त्यांच्या गावच्या कंडक्टरबरोबर. वीस तारखेला, रविवारी येतो. माणसं घेऊन येतो. वहिनीनं सामान बांधून ठेवावं.

बांधायला माझ्याकडे काही नाही.

१९ ऑगस्ट

सुमती म्हणाली, उद्या तिच्या नवऱ्याला थांबवून घेते. मी नको म्हटलं. पुरुष आला की दोन पुरुष बोलतात. मग माझं काय ठरलं ते शेवटी मला कोणीतरी येऊन सांगेल.

२० ऑगस्ट, रविवार

झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी भाऊजी आले, बाजारातून दोन हमाल घेऊन. एक म्हातारा, एक तरणा. माझ्याशी बोलण्याआधी हमालांना बोलले, ही टाकी, ही न्हाणीजवळ नेऊन ठेवायची, मासोळ्यांसाठी डबा आणला आहे. तेलाचा रिकामा डबा! धुतलेलाही नव्हता.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. हात कणकेचे. म्हटलं, भाऊजी, टाकी हलणार नाही.

ते म्हणाले, मी तुमच्या भल्याचं करून राहिलो, काहून ऐकत नाही? दादा असता तर असं बोलला असता, तसं बोलला असता. मी म्हटलं, दादा असते तर तुम्ही डबा घेऊन आला नसता.

मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली. हमालांना म्हणाले, आधी समोरची लाकडं काढा म्हणजे पाणी काढायला हात जाईल. तरण्यानं उजवा खांब धरून हलवला. हलेना. दोन्ही हातांनी गदागदा हलवला. स्टँड करकरलं, पाणी काठावरून सांडलं. भाऊजी स्वतः खाली उकिडवे बसले, खांबाशी वाकून, कुठे अडकला ते बघायला. म्हणाले, ठोक खालून, निघते. म्हाताऱ्यानं पहार उचलली.

मी जाऊन दारांना पाठ टेकवून खाली बसले. आणखी काही सुचलं नाही. कणीक लुगड्याला लागली.

भाऊजींच्या जिभेचा तोल गेला मग. हमालांकडे बघून ओरडले, "पाहा हो, काय बाई आहे! मेलेल्या नवऱ्याची शेज कापून तिची दारं लावली हिनं!"

म्हाताऱ्यानं विचारलं, "काय म्हटलं मालक? हे शेजेचं लाकूड आहे?"

 भाऊजींना कळलं काय बोलून बसले ते. मी म्हटलं, हो. त्यांचाच पलंग. त्यावरच गेले, दुपारच्या झोपेत.

म्हाताऱ्यानं पहार भिंतीला टेकवली. तरण्यानं हात धोतराला पुसले. म्हातारा म्हणाला, मालक, आम्ही लेकराबाळांचे आहोत, याले हात नाही लावत. जाताना दारांना नमस्कार केला दोघांनी आणि गेले.

मी बसलेलीच होते. भाऊजी पहारीकडे बघत होते. ती तिथेच राहिली होती. उचलतील असं वाटलं एक क्षण. पण तेही त्याच घरातले. तेरवीला त्यांच्याच बहिणीनं सांगितलं होतं.

"तुम्ही उचला ना भाऊजी," मी म्हटलं.

नाही उचलली.

दुपारी वरण-भात वाढला. जेवले. एस्टीच्या वेळेला निघाले. तेलाचा डबा विसरून गेले. त्यात मी मोगरा लावणार आहे.

२१ ऑगस्ट

पहार अजून भिंतीलाच टेकलेली आहे. झाडताना तिला वळसा घातला.

२७ ऑगस्ट

उजवं दार अडतं. वरच्या बाजूला घासतं, ओढून उघडावं लागतं. सुमती म्हणाली, पावसाळा आहे, लाकूड फुगते. रंध्यानं थोडं काढलं. ठीक झालं.

३ सप्टेंबर

आज मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक. रस्त्यावर केवढा गोंगाट, सगळी ईडापीडा घेऊन जा म्हणत लोक चालले होते. गॅलरीतून बघितली. माझ्याकडून तिला द्यायला काही नव्हतं.

एजंटानं महाल भागात दुसरी खोली घेतली असं कळलं. भाऊजींनी सांगितलं नाही. कंडक्टरनं सांगितलं.

१४ सप्टेंबर

उजवं दार पुन्हा अडलं. पुन्हा रंधा. उजव्या पोपटाचा शेंडा थोडा गेला. डावं मात्र कधीच अडत नाही.

१ ऑक्टोबर

भाऊजी आले होते. फक्त भेटायला. संत्र्यांची पिशवी आणली, आंबट, अजून वेळ आहे त्यांना. खुर्चीवर बसले. दार उघडून बघायचं म्हणाले. माझ्याकडे न बघता विचारलं. पहिल्यांदा विचारलं. उजवं धरून ओढलं, निघेना. पुन्हा ओढलं.

हसले. पण या वेळचं हसणं निराळं होतं. "शिवण घट्ट बसली वं वहिनी."

मलाही हसू आलं. मग ते बराच वेळ मासोळ्या बघत बसले, पाय लांब करून, यांच्यासारखे गप्प. जाताना म्हणाले, दिवाळीला येतो. गावाकडे चला म्हणाले नाहीत.

१५ ऑक्टोबर

ऊन कडक पडलं आहे. पापड वाळताहेत. सगळ्या घराचं लाकूड आखडलं, पावसाळ्यात अडणाऱ्या खिडक्या आता वाऱ्यानं आपटतात. आणि हे दार अजून अडतंच! बापूजी म्हणायचे, हे लाकूड वीस वर्षं वाळवलेलं आहे, याला पाऊसही माहीत नाही आणि ऊनही नाही. मग फुगलं कसं?

माझीच सुतारकी कच्ची असेल.

२६ ऑक्टोबर

दिवाळीची झाडझूड. डावं दार उघडून आत झाडू घातला, कोपऱ्यापर्यंत. पुढच्या उजव्या अँगलच्या पायाखालून झाडूची काडी आरपार निघाली.

पाय जमिनीला टेकलेलाच नाही. खालून वीतभर गंजून गेला आहे, वरून यांच्या रुपेरी रंगाची साल तेवढी उभी. बोट लावलं तर भुगा पडला. कधी मोडला? पाणी सांडलं त्या दिवशी, असं वाटतं. भाऊजी तिथेच उकिडवे बसले होते. खांब निघाला असता तर?

खांबावर हात ठेवला. टाकी पलंगाच्या पायावर उभी आहे. तो अर्धा इंच सगळं पाणी धरून आहे, म्हणून दार दबतं.

रंधा सुमतीला परत दिला. बाकीचे तीन पाय बघितले, पक्के आहेत. हा नवा करून घेणार नाही, खांब पुरतो.

भाऊजी दिवाळीला येतील. खुर्ची टाकीसमोरच ठेवणार आहे.